मदत हवी आहे: एकाच उपग्रहावरून डेटाही आणि बोटीची जागाही, कसं जमवायचं?

मंडळी, मालिम जेटीवरून सुटणाऱ्या ट्रॉलरसाठीच्या टर्मिनलचं (बोटीवरच्या उपग्रह-संपर्क यंत्राचं) सिम्युलेशन चालू आहे. कक्षा ६०० किमी, वाहक लहरींची वारंवारता २ गिगाहर्ट्झ, एका वेळी एकच उपग्रह.

थ्रीजीपीपी रिलीज १७ मध्ये (मोबाइल नेटवर्कच्या जागतिक मानकाच्या या आवृत्तीत) टर्मिनल आपली जागा जीएनएसएसवरून (जीपीएससारख्या उपग्रहांवरून) घेतं आणि एसआयबी१९ या नेटवर्कच्या प्रसारित संदेशातल्या कक्षेच्या माहितीने वेळ व डॉप्लर (उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक) आधीच दुरुस्त करतं. जीएनएसएस गेलं की पंचाईत. उपग्रह क्षितिजापासून १० अंश उंचीवर असताना डॉप्लर ४५ किलोहर्ट्झच्या आसपास, त्यामुळे रँडम अ‍ॅक्सेसच (नेटवर्कशी पहिली जोडणीच) जमत नाही.

म्हणून डाउनलिंकमध्ये (उपग्रहाकडून बोटीकडे) पीआरएस, म्हणजे जागा मोजण्यासाठीचा संदर्भ सिग्नल, मिसळून डॉप्लरवरून जागा काढतोय. अडचण आरशाची: उपग्रहाचा मार्ग फोंड्यावरून गेला आणि बोट त्याच्या ७० किमी पश्चिमेला असली, तर दुसरं उत्तर ७० किमी पूर्वेला येतं. म्हणजे ट्रॉलर लोंढ्यापलीकडे! इथे समुद्र-जमीन नकाशाने सुटका होते, पण मार्गच खोल समुद्रावरून गेला तर दोन्ही उत्तरं पाण्यात. बीम (उपग्रहाचा एक झोत जमिनीवर व्यापतो तो पट्टा) २०० किमीचा, त्यामुळे बीम क्रमांकाचा उपयोग नाही.

बाजू ठरवायला पुढच्या फेरीची वाट पाहण्याशिवाय उपाय आहे का? आणि पीआरएस किती वेळाने पाठवावा? जास्त वेळा पाठवला तर डेटा घटतो, कमी वेळा पाठवला तर क्षितिजाजवळचं मोजमाप गोंगाटात बुडतं.