मदत हवी आहे: एका मुलाचा बाप माझा भाऊ होता का, हे ठरवायला माझा आणि आईचा डीएनए मागितलाय

माझा धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी गेला. आता तेवीस वर्षांचा एक मुलगा म्हणतोय, मी त्यांचा मुलगा. त्याच्या वकिलाचं पत्र आलंय की मी आणि आईने पंधरा दिवसांत नमुने द्यावेत. सोबत दोन पाकिटं, आत गालाच्या आतून फिरवायच्या कापसाच्या काड्या. आई अठ्ठ्याहत्तरची आहे. काडी हातात घेऊन म्हणाली, "नातू मिळणार असेल तर देऊन टाकू की." मी पाकिटं कपाटात ठेवून दिली आहेत.

मुलाला डावलायचं अजिबात मनात नाही. भावाचा असेल तर त्याचा हक्क त्याला मिळायलाच हवा. माझी धास्ती वेगळी आहे.

मी आणि तो मुलगा दोघंही पुरुष, म्हणून वाय क्रोमोसोम (फक्त पुरुषांत असणारं गुणसूत्र) ताडून बघणार. तो बापाकडून मुलाकडे जवळपास जसाच्या तसा जातो. जुळला तर मुलगा आमच्या घराण्यातला एवढंच ठरतं. बाप भाऊ, मी की एखादा चुलतभाऊ, ते त्यातून कळत नाही. आणि नाही जुळला तर? एकतर तो भावाचा नाही, नाहीतर आम्ही दोघं भाऊ एका बापाचे नाही. हे दुसरं कुणी विचारलेलंच नाही, पण अहवालातून ते आईसमोर येऊ शकतं. या वयात तिला त्याला तोंड द्यायला लावायचं?

त्यापेक्षा फक्त आईचा, मुलाचा आणि त्याच्या आईचा नमुना घेतला तर भागेल का? आजी-नातवात सरासरी पाव हिस्सा डीएनए सारखा असतो, त्यामुळे निकाल कधी कधी अधांतरी राहतो असं वाचलं. भावाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हाचा बायॉप्सीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी काढून मेणात जपलेला शरीराचा तुकडा, रुग्णालयात असेल. त्यावरून थेट चाचणी होऊ शकते, मग आमची गरजच उरणार नाही. पण त्याला संमती कुणाची लागते, वहिनीची की कोर्टाची?

वकिलाचं पत्र म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, एवढं कळतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मालमत्तेच्या एका दाव्यात म्हटलं होतं की इतर पुरावा असताना तयार नसलेल्या माणसावर चाचणीची सक्ती करू नये. पण तो माणूस स्वतः दावा लावणारा होता. माझ्यासारख्या काकाने नकार दिला तर कोर्ट त्याचा अर्थ आमच्या विरुद्ध लावू शकतं का?

घरी घेतलेला नमुना कोर्टात टिकत नाही म्हणतात, कारण ओळख तपासून, सही घेऊन, सीलबंद करणारा त्रयस्थ माणूस तिथे नसतो. मग या काड्या पाठवल्याच कशाला?

द्यायचंच ठरलं तर लेखी अटी घालता येतात का? म्हणजे नमुना याच एका प्रश्नासाठी वापरायचा, नंतर नष्ट करायचा आणि आम्हा भावांच्या नात्याबद्दल अहवालात अवाक्षर नको.

अजून एक. मुलगा वारस ठरला नाही तर पुढेमागे फायदा माझाही होऊ शकतो. मग आईला सल्ला मी कसा देऊ? तिच्यासाठी वेगळा वकील बघावा का?

असा नमुना कुणी दिला किंवा नाकारला असेल तर कृपया लिहा. मंगळवारी वकिलांना भेटतोय.