जिप्सी किंग २००४: नकल किट आणि ट्रान्सफरचे रबर खान्देशात कुठे मिळतील?

केळीबाग_यावल
गाडी मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली), २००४. शेत यावल–पाल रस्त्याच्या कडेला, पावसाळ्यात काळ्या मातीतूनच जावं लागतं. तीन तक्रारी आहेत.
पुढच्या दोन्ही नकलमधून (ॲक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा सांधा) पातळ काळं तेल गळतं. साठच्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात थडथडतं, गाडी पार हळू केल्याशिवाय थांबत नाही. आणि ट्रान्सफर केसचा (फोर व्हीलचा गिअरबॉक्स) लो गिअर टाकून चढ चढताना लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो.
बजेट मजुरीसकट ३०,०००. जळगाव, भुसावळ, धुळे, फार तर इंदूरपर्यंत जाईन. सामान कंपनीचं घ्यावं की लोकल चालेल?

तापीकाठ
भाऊ, वीस वर्षांच्या गाडीत पैसे घालू नका. जिम्नी बघा. कॉइल स्प्रिंग, लो रेंज आहेच, सामान शोरूमला मिळतं.

केळीबाग_यावल
जिम्नी बारा लाखांच्या वर आहे दादा. बजेट तीस हजार लिहिलंय.

धुळे_बायपास
किंगपिन बेअरिंग (नकलच्या वळणाचे) गेले. चारही बदला आणि सोबत स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचा हादरा खाणारा शॉक) टाका. थडथड त्याच दिवशी बंद होईल, माझ्या गाडीला डॅम्पर टाकल्यापासून स्टिअरिंग हललं नाही.

पाटे_आणि_बुश
डॅम्पर शेवटी टाकायची गोष्ट आहे. आधी टाकला तर ढिलाई झाकली जाते आणि बेअरिंग आतल्या आत खात राहतं.

आता क्रमाने. नकलमधून पातळ तेल येतं म्हणजे नुसतं बाहेरचं सील गेलेलं नाही. नकलमध्ये ग्रीस असतं, ते पातळ होऊन गळत नाही. डिफरन्शियलचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) गिअर ऑइल आतलं ॲक्सल सील ओलांडून नकलमध्ये शिरलं, ग्रीसमध्ये मिसळलं, म्हणून ते काळं आणि पातळ. फक्त बाहेरचं किट बदललं तर महिनाभरात पुन्हा तेच.

दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गळतंय, तर आधी ब्रेदर बघा. ॲक्सल हाउसिंगवर वरच्या बाजूला लहानशी टोपी असते. काळ्या मातीत ती बुजते. ॲक्सल तापला की आतली हवा बाहेर पडायला जागा शोधते आणि तेल सीलमधून ढकलते. टोपी काढा, डिझेलमध्ये धुवा, तोंडाने फुंकून हवा जाते का बघा. नवीन सील टाकून ब्रेदर बुजलेलाच ठेवला तर पैसे पाण्यात.

एका बाजूला लागणारं सामान: किंगपिन बेअरिंग दोन (वर एक, खाली एक), नकलचं मोठं रबर सील, फेल्ट, पत्र्याची रिंग, आतलं ॲक्सल ऑइल सील, गॅस्केट. दुकानदार "नकल किट" म्हणून जे देतो त्यात आतलं सील आणि बेअरिंग बहुधा नसतात. वेगळे मागून घ्या. बेअरिंग नावाजलेल्या कंपनीचे घ्या, जुन्यावरचा नंबर जुळवून. सील लोकल घेऊ नका.

बसवताना किंगपिनखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) वरच्या-खालच्या अशा वेगळ्या ठेवा, मिसळू देऊ नका. मोठं सील लावायच्या आधी टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढा. नकल हलायला १ ते १.८ किलो जोर लागला पाहिजे. कमी लागला तर शिम काढा, जास्त लागला तर घाला. हे न करताच बंद केलेल्या गाड्या नवीन बेअरिंग असूनही थडथडतात.

शिरपूर_सेंधवा
हो, ब्रेदर बघा आधी. बऱ्याच गाड्यांचा ब्रेदरच बुजलेला असतो.
सामानासाठी इंदूर. शिरपूरहून सेंधवामार्गे सरळ रस्ता आहे. जुना माल हवा तर तिथे, नवा हवा तर दिल्लीच्या कश्मीरी गेटहून मागवा. रेल्वे पार्सलने भुसावळला उतरतो.

कुर्ला_ते_जळगाव
इंदूर कशाला? मुंबईला कुर्ल्यात सगळं मिळतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत सकाळी जळगावला. फक्त व्हॉट्सॲपवर पट्टी ठेवून फोटो मागवा. "जिप्सीचंच आहे" एवढ्यावर पैसे टाकू नका.

सातपुडा_लो_रेंज
मागवताना हेही विचारा की गाडी वाइड ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांत अंतर जास्त) आहे का. जुनी ९७० सीसी एमजी ४१० अरुंद होती, पुढचा ट्रॅक १,२१० मिमी. नंतर रुंद ॲक्सल आला, १,३०० मिमी. तुमची किंग रुंदच. अरुंद गाडीचा ॲक्सल शाफ्ट किंवा टाय रॉड कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, लांबी जुळत नाही.

परदेशी सामुराईचं (जिप्सीचीच सुझुकी बहीण) नकल किट जिप्सीला बसतं, ऑनलाइन मिळतं. पण प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफरपासून ॲक्सलपर्यंतचा दांडा) मागवू नका. जिप्सीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २,३७५ मिमी, छोट्या सामुराईचा २,०३०.

इंजिनचं म्हणाल तर काळजी नको. १.३ लिटर जी१३बीबी एस्टीम आणि वर्सामध्येही होतं, पिस्टन-रिंग-बेअरिंग मिळतात. अडचण खालच्या सामानाची आहे.

धुळे_बायपास
गाडी बंद होऊन इतकी वर्षं झाली, कंपनीचं सामान आता कुठलं मिळणार?

सातपुडा_लो_रेंज
साध्या ग्राहकासाठी २०१९ ला बंद झाली. सैन्यासाठी त्यानंतरही बनत होती, २०२० मध्ये गाड्या दिल्या गेल्या. म्हणजे सील, बुश, रबर अजून कुठेतरी साठ्यात आहे. वेळ लागतो, पण पार्ट नंबर देऊन ऑर्डर टाकली तर येतं. नुसतं "जिप्सीचं सील" म्हटलं की काउंटरवरून नाहीच येणार.

भुसावळ_यार्ड
एमएसटीसीच्या (सरकारी लिलाव कंपनी) ऑनलाइन लिलावात अख्खी गाडी घ्या, दोन गाड्यांची एक करा. सामानाचा प्रश्नच मिटेल.

पाटे_आणि_बुश
बजेट ३०,००० आहे. आणि लिलावातला माल "जसा आहे तसा, जिथे आहे तिथे" असतो, आत काय निघेल त्याची हमी नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊन त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जातात. पूर्वीसारखा सरकारी जिप्सीचा सुटा माल आता बाजारात उतरत नाही.

लो गिअर सुटतो त्याचं राहिलं. गिअर खराब समजून ट्रान्सफर केस उघडू नका. तो तीन रबर माउंटवर टांगलेला आहे. माउंट फाटला की जोर लागताच केस पिळतो, लिव्हर खालच्या पत्र्याच्या भोकाला टेकतो आणि बाहेर ढकलला जातो. गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून केस पहारीने हलवून बघा. जास्त हलला तर माउंट. माउंट ठीक असतील तरच डिटेंटच्या (गिअर जागेवर धरणाऱ्या) गोळ्या आणि स्प्रिंग, मग शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा काटा).

कुर्ला_ते_जळगाव
माउंट लेथवाल्याकडून पीयूमध्ये (पॉलियुरेथेन, रबरासारखं प्लास्टिक) करून घ्या. एमआयडीसीत करून देतात. जन्मभर टिकतं.

पाटे_आणि_बुश
टिकतं, पण कडक पीयूने सगळा हादरा चेसिसमध्ये येतो आणि मधल्या छोट्या शाफ्टच्या क्रॉसवर ताण पडतो. रबर मिळेपर्यंत ठीक. करायचंच तर मऊ घ्या.

शिरपूर_सेंधवा
ते जाऊ द्या, टायर कोणते? मोठे टायर असतील तर थडथड त्यामुळेच.

केळीबाग_यावल
टायर कंपनीच्याच मापाचे, २०५/७० आर१५. बॅलन्सिंग केलंय.

आज गाडीखाली गेलो. ब्रेदर मातीने पार बुजलेला, काडी घातली तरी जात नव्हती. माउंट तीनपैकी दोन फाटलेत, एकाचं रबर पत्र्यापासून सुटून लोंबतंय. डाव्या नकलच्या गोळ्यावर, सील घासतं त्या पट्ट्यात, गंजाचे खड्डे आहेत. बोटाच्या नखाला अडकतात. हाउसिंगच्या डाव्या टोकाला जुना वेल्डही दिसतोय.

सातपुडा_लो_रेंज
खड्डे नखाला अडकत असतील तर नवीन सील कापलं जाणार. बारीक एमरी पेपरने घासा. राहिलेल्या खड्ड्यात मेटल इपॉक्सी भरून, सुकल्यावर गोलाई धरून पुन्हा घासा. किटचं काम त्यावर चालतं.

धुळे_बायपास
घासून किट टाका. हाउसिंग बदलू नका, मोठं काम निघेल.

भो_आधी_दखा
इतली घाई कसाले भो? किट टाका, एक पावसाळा दखा, मंग ठरवा. जुना ॲक्सल म्हणजे दुसऱ्याची कटकट.

केळीबाग_यावल
सगळ्यांनी किट सुचवलं, तरी मी जुना पूर्ण पुढचा ॲक्सल घेतोय, इंदूरहून. वेल्ड बघितल्यावर त्या हाउसिंगवर नवीन बेअरिंग बसवायला मन होत नाही. वाकलेलं असेल तर काट्यावर शिम जुळवूनही उपयोग नाही. सील आणि बेअरिंग नवीनच टाकेन, माउंट पार्ट नंबरने ऑर्डर केलेत. डॅम्पर टाकत नाही.

पाटे_आणि_बुश
मग रेशो (क्राउन आणि पिनियन गिअरच्या दातांचं प्रमाण) जुळतो का ते तिथेच तपासा, पैसे द्यायच्या आधी. ४१/११ दातांचा क्राउन-पिनियन म्हणजे ३.७३, ३७/९ म्हणजे ४.११. पुढे एक आणि मागे दुसरा झाला तर फोर व्हील लावताच ट्रान्सफर केस ताणला जाईल.
न उघडता मोजायचं तर हब लॉक करा (चाक ॲक्सलला जोडलं जातं), एक चाक अडवून ठेवा आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात पिनियनच्या फ्लँजचे किती फेरे होतात ते खडूची खूण करून मोजा. तोच रेशो. घरी आपल्या मागच्या ॲक्सलचा आजच मोजून ठेवा.
फिरवताना खरखर लागली किंवा एका जागी अडकलं तर तो ॲक्सल सोडा. दोन्ही नकलचे गोळे पुसून नखाने बघा. बसवताना डिफरन्शियलला दोन लिटर गिअर ऑइल लागेल. यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवीन घ्या, जुने ताणलेले असतात. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळा.

केळीबाग_यावल
खडू आणि पट्टी डिकीत ठेवली. रविवारी निघतो.