रक्तातल्या जीन्स बघून टीबी कळतो म्हणे, आपल्याकडं होते का ही टेस्ट?

गोदाकाठ_माजलगाव
राम राम मंडळी. आईला बऱ्याच दिवसापासनं संध्याकाळची कणकण, भूक मेली, वजन उतरलंय, पण खोकला कोरडा. सरकारी दवाखान्यातनं डबी दिली होती, तिच्यात नुसती लाळच निघाली, त्यांनी दुसरं सॅम्पल आणा म्हणले आन् तिथंच घोडं अडलंय. एक्स-रेत उजवीकडं वरच्या बाजूला डाग दिसायलाय. आता एक खासगी लॅबवाला म्हणायलाय की थुंकीची भानगडच नको, रक्तातनंच टीबी काढून देतो, पैसे मात्र चांगलेच सांगायलाय. मी मोबाईलवर बघितलं तर रक्तातल्या तीन जीन्स बघून टीबी सांगणारी टेस्ट निघालीय, बोटाच्या रक्तावर. ही तीच का? आन् जीन्सची टेस्ट म्हणल्यावर हे आनुवंशिक असतंय का? बहिणीची सोयरीक जमवायलोत, आई म्हणती रिपोर्टात असलं काही आलं तर पाव्हणे फिरतील.

पेशीवाली_संभाजीनगर
दादा, सोयरिकीचं आधी सांगते. आईबापाकडून काय आलं ते ही टेस्ट बघतच नाही. कोणत्या जीन्स या घडीला जोरात चालल्यात आणि कोणत्या थंड पडल्यात, एवढंच मोजतात, म्हणजे त्यांचा आरएनए (चालू जीनमधून निघणारी नक्कल) मोजतात. टीबीचा जंतू अंगात वाढायला लागला की पांढऱ्या पेशींतल्या इंटरफेरॉनच्या (जंतू आल्याची खबर देणारं प्रथिन) इशाऱ्यावर चालणाऱ्या जीन्स खवळतात. २०१० मध्ये लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पेशंटच्या रक्तावरून ३९३ आरएनएंची एक खूण 'नेचर'मध्ये छापून आली, तिथून या विषयानं जोर धरला. आता तालुक्याला ३९३ गोष्टी कोण मोजत बसणार, म्हणून यादी छाटत आणली. २०१६ मध्ये १६ जीन्सची खूण आली, ती दक्षिण आफ्रिकेतल्या पोरापोरींमध्ये आजार व्हायच्या आधीच धोका सांगत होती, आणि त्याच वर्षी तुम्ही वाचलेली तीनवाली, जीबीपी५, डीयूएसपी३ आणि केएलएफ२. सीबीनॅटचं, म्हणजे थुंकीतला टीबीचा जंतू शोधणारं मशीन बनवणाऱ्या सेफिड कंपनीनं तिची कार्ट्रिजही (मशीनमध्ये घालायची डबी) करून बघितली, तासाच्या आत निकाल.

पण मेख अशी की या जीन्स टीबीचा जंतू ओळखून खवळत नाहीत, फ्लू नाहीतर कोविड झाला तरी तशाच खवळतात. म्हणून ही नुसती चाळणी, पक्कं निदान नाही. डब्ल्यूएचओनं २०१४ मध्ये अशा चाळणीच्या टेस्टसाठी किमान अट घातली होती, टीबीवाले ९० टक्के पकडा आणि टीबी नसलेले ७० टक्के बरोबर सोडा. समजा खोकल्याचे १००० पेशंट आले, त्यात ५० खरे टीबीचे. ४५ सापडतील, ५ निसटतील, आणि बाकीच्या ९५० मधले २८५ उगाच पॉझिटिव्ह. म्हणजे ३३० लोकांना पुढची तपासणी आलीच की. ऊसतोडीच्या टोळ्या तपासायला असली टेस्ट भारी, एकट्या पेशंटला गोळ्या चालू करायच्या का ते ठरवायला नाही. आणि रोजच्या तपासणीला ती आपल्याकडं मिळत नाही, तो लॅबवाला दुसरंच काहीतरी विकायलाय.

मायक्रोस्कोप_नांदेड
ताईंनी बरोबर सांगितलं. मी लॅबमध्येच आहे. त्याला आधी टेस्टचं नाव विचारा. अँटीबॉडीवाली असेल तर उठून या, टीबीसाठी त्या टेस्टवर सरकारनं २०१२ लाच बंदी घातलीय. इग्रा म्हणला तर तीही रक्ताचीच टेस्ट, पण त्यातनं जंतू अंगात कधीतरी शिरला एवढंच कळतं, तो आत्ता त्रास द्यायलाय का झोपलाय ते नाही, आणि आपल्याकडं झोपलेला जंतू लई जणांच्या अंगात असतो.

जंतूच पकडावा लागतो दादा. औषधाला दाद देणारा टीबी आहे का नाही तेही त्यातनंच कळतं, सीबीनॅट किंवा तसल्याच ट्रूनॅट मशीनवर रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाचं लगेच कळतं. रक्तातल्या जीन्स ते कधीच सांगणार नाहीत.

गोदाकाठ_माजलगाव
आत्ता फोन लावला, इग्राच म्हणायलाय. पण मग थुंकी काढायची कशी, तिला येईनाच.

लातूरची_माई
एक विचारते मधीच, आमच्या नातवाचं बी असंच होतं, चार वर्षाचं लेकरू थुंकी कुठून देणार? रक्ताची टेस्ट असती तर बरं झालं असतं, तुमी लोक उगाच तिला नावं ठेवायलेत.

पेशीवाली_संभाजीनगर
माई, नावं नाही ठेवत, लेकरांसाठी तर ती यायलाच पाहिजे. तोवर लहान लेकरांचं सकाळी उपाशीपोटी नळी घालून पोटातलं पाणी काढतात, नाहीतर शी सुद्धा सीबीनॅटवर चालते.

मायक्रोस्कोप_नांदेड
@गोदाकाठ सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी. साध्या पाण्यानं चूळ भरायला लावा. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन जरा धरायचा आणि मग छातीतून खोकायचं, घशातून खाकरून नाही. उघड्यावर अंगणात करा, घरात नको, आणि तुम्ही समोर उभं राहू नका. पांढरट-पिवळं, चिकट निघालं की ते कामाचं. तरी नाही आलं तर डॉक्टरांना म्हणा मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढा, त्याच्याही पुढं दुर्बिणीतून फुफ्फुसात पाणी सोडून तेच परत काढता येतं. शुगर आणि एचआयव्ही पण त्याच फेरीत करून घ्या.

गोदाकाठ_माजलगाव
बरं सर. डबी तिथंच मिळती का बाहेरून घ्यावी लागती?

मायक्रोस्कोप_नांदेड
तिथंच, फुकट. झाकण घट्ट लावा आणि त्याच दिवशी नेऊन द्या.