दोनदा औषध देऊनही मुलीचे जंत पुन्हा का होतात?

नाशिकची सून

माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. रात्री झोप लागून तास-दीड तास झाला की ती चुळबुळ करू लागते, शीच्या जागी खाजवते आणि पुष्कळदा रडत उठते. सप्टेंबरमध्ये एका रात्री मोबाइलच्या उजेडात पाहिले, तेव्हा त्या जागी पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे, सेंटिमीटरभर लांबीचे दोन-तीन जंत वळवळताना दिसले. डॉक्टरांनी अल्बेंडाझोलची एक मात्रा दिली आणि त्रास थांबला. महिना-सव्वा महिन्याने तो पुन्हा सुरू झाला, पुन्हा एक मात्रा दिली, आणि आता नोव्हेंबरमध्ये ती तिसऱ्यांदा खाजवू लागली आहे. त्याआधी शाळेत जंतनाशक दिनाची गोळीही तिने सगळ्या मुलांबरोबर चघळून खाल्ली होती.

मधल्या काळात शीची तपासणी करून घेतली, तर अहवालात काहीच आढळले नाही. सासूबाईंच्या मते हा सगळा गोड खाण्याचा परिणाम आहे, शिवाय ती झोपेत दात खाते म्हणजे पोटात जंत आहेतच, असे त्या म्हणतात. यजमानांचा संशय इमारतीखालच्या कुत्र्यावर आहे. घरात आम्ही सात जण आहोत: सासू-सासरे, आम्ही दोघे, ही मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि बाळंतपणासाठी आलेली, पाचवा महिना चालू असलेली नणंद. मुले आजीजवळ गाद्या जोडून झोपतात. मी घर स्वच्छ ठेवते, तरी हे पुन:पुन्हा होते याची मला लाज वाटते, म्हणून ओळखीत कोणाला विचारले नाही. हे जंत नेमके कोठून परत येतात आणि औषध घरातल्या सर्वांनी घ्यायचे असते का?

काचपट्टी

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, म्हणून तपासणीपुरतेच लिहितो. शीच्या अहवालात काही आढळले नाही याचा अर्थ जंत नाहीत असा होत नाही. या जातीच्या जंताची मादी आतड्याच्या आत अंडी घालतच नाही; ती रात्री गुदद्वाराबाहेर येऊन तिथल्या कातडीवर अंडी चिकटवते. त्यामुळे शीमध्ये अंडी सापडण्याचे प्रमाण फारच कमी, साधारण ५ ते १५ टक्के असते.

यासाठी चिकटपट्टीची तपासणी करतात. १९४१ साली ग्रॅहम यांनी ती पद्धत मांडली आणि आजही तिच्याहून सोपे काही नाही. सकाळी मूल उठताच, शीला जाण्याआधी आणि धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टीची चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर दाबायची आणि ती काचपट्टीवर चिकटवून प्रयोगशाळेत द्यायची. पट्टी अर्धपारदर्शक, दुधी रंगाची नको, कारण तिच्यातून सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसत नाही. एका दिवसाच्या पट्टीत सुमारे निम्मे रुग्ण सापडतात, लागोपाठ तीन सकाळी घेतल्या तर जवळपास ९० टक्के. अंडे एका बाजूने चपटे असते, त्यामुळे एकदा पाहिलेला माणूस ते सहसा विसरत नाही. अर्थात तुम्ही जंत डोळ्यांनी पाहिलेच आहेत, तेव्हा मुलीसाठी या तपासणीची गरज नाही. घरातल्या इतर कोणाबद्दल शंका असेल तर तिचा उपयोग होईल.

बालरोग, विदर्भ

ताई, सर्वप्रथम लाज वाटण्याबद्दल. हा जंत फक्त माणसाच्या शरीरात राहतो आणि थंड हवेच्या, श्रीमंत देशांतही तो मुलांमध्ये सर्रास आढळतो. तो तुमच्या घराची झाडलोट पाहून येत नाही. कुत्र्याचाही येथे दोष नाही, कारण कुत्र्या-मांजरांपासून हा जंत माणसाला होत नाही.

आता तो परत कोठून येतो ते पाहू. याचे शास्त्रीय नाव एन्टेरोबियस व्हर्मिक्युलॅरिस. मूल अंडी गिळते, ती लहान आतड्यात फुटतात आणि जंत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात वाढतात. अंडे गिळल्यापासून मादी स्वत: अंडी घालू लागेपर्यंत साधारण एक महिना जातो. एक मादी दहा हजारांच्या आसपास अंडी घालते आणि त्या हालचालीनेच रात्री खाज सुटते. मूल झोपेत खाजवते, अंडी नखांखाली अडकतात, सकाळी बोट तोंडात जाते आणि तेच चक्र त्याच मुलात पुन्हा सुरू होते. विशेष म्हणजे ही अंडी घातल्यानंतर चार ते सहा तासांतच संसर्ग करण्याजोगी होतात. गांडुळासारखा दिसणारा ‘मोठा जंत’ ही वेगळीच जात आहे; त्याच्या अंड्यांना त्यासाठी काही आठवडे मातीत राहावे लागते. या जंताला मातीची गरजच नाही, अंथरूण पुरते. म्हणून चपला घालणे, उघड्यावर शौचाला न बसणे, भाज्या धुणे हे उपाय मोठ्या जंतासाठी आणि अंकुशकृमीसाठी महत्त्वाचे असले, तरी या जंताची वाट त्यांनी अडत नाही.

तुम्ही लिहिलेले महिना-सव्वा महिन्याचे अंतर म्हणूनच बोलके आहे. औषध त्या दिवशी आतड्यात असलेले वाढलेले जंत मारते. अंड्यांवर आणि अगदी कोवळ्या जंतांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. त्या दिवशी नखांखाली, चादरीवर किंवा दुसऱ्या कोणाच्या आतड्यात जे होते ते तसेच राहिले आणि महिन्याने मोठे झाले. यासाठी पहिल्या मात्रेनंतर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. तुमच्या मुलीला दोन मात्रा मिळाल्या हे खरे, पण दोन्हींत महिन्याहून अधिक अंतर पडले, म्हणजे मधल्या पिढीला अंडी घालायला वेळ मिळून गेला.

शाळेतल्या गोळीबद्दलही गैरसमज होतो. २०१५ पासून चालू असलेला राष्ट्रीय जंतनाशक दिन १ ते १९ वर्षे वयोगटासाठी असतो आणि त्याचा रोख मातीतून पसरणाऱ्या जंतांवर, म्हणजे मोठा जंत, अंकुशकृमी आणि चाबूककृमी यांच्यावर आहे. गोळी तीच, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. परंतु सहा महिन्यांतून एकदा, एकट्या मुलाला दिलेली मात्रा घरात फिरत राहणाऱ्या या जंताला पुरत नाही. म्हणून ती गोळी चुकवू नये, मात्र तिच्यावर या तक्रारीचा भारही टाकू नये.

औषध घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी घ्यावे, खाज असो वा नसो, कारण पुष्कळांना जंत असूनही काहीच त्रास होत नाही. तुमच्या घरात दोन अपवाद आहेत. दीड वर्षाच्या मुलाची मात्रा बालरोगतज्ज्ञांनी ठरवावी. एक ते दोन वर्षे वयात साधारणत: अर्धी गोळी, कुटून पाण्यात कालवून देतात. तुमच्या नणंदेने आपल्या प्रसूतितज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये.

गोड खाण्याने जंत तयार होत नाहीत. झोपेत दात खाणारी बहुतेक मुले जंत नसतानाही दात खातात आणि जंतांची खूण समजले जाणारे गालावरचे पांढुरके डाग हेदेखील बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. सासूबाईंना एवढे जरूर सांगा की त्यांचे निदान बरोबर निघाले, कारण मात्र वेगळे होते. एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मुलगी असल्यामुळे विचारतो: तिला लघवीच्या जागी खाज, लाली किंवा पांढरे पाणी जाणे, असे काही होते का? हे जंत रात्री पुढे सरकतात आणि मग मुलीला लघवीचा संसर्ग समजून प्रतिजैविके दिली जातात.

ओसरी

मी सासूबाईंच्या वयाची आहे, म्हणून त्यांची बाजू घेते. आमच्या वेळी बाळगुटीत वावडिंग उगाळून देत असत आणि पोटावर हिंगाचे पाणी लावत असत. आमची मुले त्यावरच वाढली. आता हे सगळे निरुपयोगी ठरवायचे का?

बालरोग, विदर्भ

आजी, निरुपयोगी ठरवण्याचा माझा हेतू नाही. वावडिंगाला आयुर्वेदात कृमिनाशक म्हटले आहे आणि वैद्यांच्या सल्ल्याने कोणी ते घेत असेल तर मी वाद घालणार नाही. पण वर सांगितलेल्या मात्रेऐवजी ते देऊ नये आणि गुदद्वाराला लसूण, हिंग किंवा रॉकेल तर कधीच लावू नये; भाजलेल्या कातडीची मुले मी दवाखान्यात पाहिली आहेत. त्या काळी अनेक मुलांचा हा त्रास वय वाढले, बोटे तोंडात घालणे थांबले, तसा आपोआप कमी होत असे. श्रेय मात्र वावडिंगाला मिळत असे.

थेम्सकाठी

मी गेली अकरा वर्षे ब्रिटनमध्ये राहते. माझ्या मुलाच्या पाळणाघरातून वर्षातून एकदा तरी या जंताची सूचना येते आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. दोन वर्षांवरील मुलांसाठी व मोठ्यांसाठी मेबेंडाझोल हे औषध येथे चिठ्ठीशिवाय औषधविक्रेत्याकडे मिळते आणि तो पहिला प्रश्न विचारतो तो हा की घरात किती माणसे आहेत. मुलाला शाळेतून काढून घरी बसवायचीही गरज नसते. ज्यांना औषध घेता येत नाही, अशा गरोदर स्त्रियांना व तान्ह्या बाळांच्या घरच्यांना येथे सहा आठवडे कडक स्वच्छता पाळायला सांगतात, कारण आतड्यात असलेले जंत साधारण तेवढ्या काळात आपोआप मरून जातात आणि नवी अंडी पोटात गेली नाहीत तर साखळी तुटते. तुमच्या नणंदेसाठी हे उपयोगी पडेल.

आम्हाला सर्वांत अवघड गेली ती सकाळ. येथे मुलांना संध्याकाळी टबात आंघोळ घालण्याची पद्धत आहे, आणि रात्रभरात घातलेली अंडी अंगावर घेऊनच मूल शाळेत जाते. आम्ही आंघोळ सकाळी आणली आणि टब सोडून वाहत्या पाण्याखाली घालू लागलो. आपल्याकडच्या बादली-तांब्याच्या आंघोळीचे मोल मला तेव्हा कळले.

नाशिकची सून

सर्वांची आभारी आहे. डॉक्टर, मुलीला लघवी करताना जळजळ होते असे ती दोनदा म्हणाली होती आणि ऑक्टोबरमध्ये तिला त्यासाठी औषधही दिले होते. ही गोष्ट मला या तक्रारीशी जोडावीशी वाटली नव्हती.

थेम्सकाठी यांचे उत्तर वाचून मी आमची सकाळ आठवून पाहिली. मुलीची शाळा सातला भरते, म्हणून तिची आंघोळ आम्ही संध्याकाळवर ढकलली आहे. सकाळी तिला उठवून, तोंड धुऊन, रात्रीच्याच चड्डीवर गणवेश चढवतो. ती गेल्यावर सासूबाई अंथरुणे काढतात आणि गोधड्या खोलीतच चांगल्या झटकून घड्या घालतात. मी तिला शी धुऊन देते आणि डबा भरायला थेट ओट्यापाशी जाते. हात धुते, पण घाईत नुसत्या पाण्याने. तिला नखे वाढवायला आवडतात म्हणून मीही कधी आग्रह धरला नव्हता. गोधड्या झटकण्याने खरोखर फरक पडतो का, आणि सात जणांच्या गोधड्या दररोज गरम पाण्यात धुणे कसे शक्य आहे?

बालरोग, विदर्भ

फरक पडतो. अंडी इतकी हलकी असतात की झटकल्यावर हवेत उडतात, जमिनीवर, खेळण्यांवर आणि श्वासाबरोबर घशापर्यंत जातात व गिळली जातात. थंड, दमट, अंधाऱ्या खोलीत ती दोन ते तीन आठवडे टिकू शकतात. नोव्हेंबरची नाशिकची थंडी त्यांना मानवणारी आहे. उन्हात व कोरड्या हवेत मात्र ती लवकर मरतात.

दररोज सर्व काही धुण्याची अपेक्षा नाही, तसे सांगणारा सल्ला कोणी दोन दिवसांपलीकडे पाळत नाही. औषध घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांच्या चादरी, अभ्रे आणि रात्रीचे कपडे न झटकता गुंडाळून गरम पाण्यात धुवा आणि गोधड्या गच्चीवर दिवसभर कडक उन्हात पसरा. झटकायच्या असतील तर तिथेच. त्या दिवशी जमीन कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. दुसऱ्या मात्रेनंतर हेच पुन्हा एकदा करा. मधल्या दोन आठवड्यांत दररोज करायचे ते एवढेच: मुलीने रात्री घट्ट चड्डी घालून झोपावे, सकाळी उठताच ती बदलावी आणि कंबरेखालचे अंग साबणाने धुवावे. पूर्ण आंघोळीला वेळ नसेल तर तीन मिनिटांचे हे धुणेही पुरेसे आहे. तिची नखे कापलीच पाहिजेत. तिला धुतल्यावर तुमचे हात साबणाने, नखांच्या कडा चोळून धुवा. सॅनिटायझरवर विसंबू नका, या अंड्यांवर त्याचा भरवसा नाही. नणंदेने या काळात मुलांच्या गाद्यांपासून वेगळे झोपावे आणि मुलीला धुण्याचे काम तिच्याकडे देऊ नये.

लघवीच्या जळजळीबद्दल तुमच्या डॉक्टरांना जंतांचा इतिहास सांगा आणि पुन्हा प्रतिजैविक देण्याआधी लघवीची तपासणी करून घ्या.

नाशिकची सून

रविवारी सर्वांनी मिळून औषध घेण्याचे ठरले आहे. धाकट्याची अर्धी गोळी आमच्या डॉक्टरांनी मान्य केली, आणि दुसरी मात्रा बरोबर दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी आहे. सासरे म्हणाले की त्यांना काहीच होत नाही, तेव्हा ते कशाला घेतील. त्यावर सासूबाईंनीच त्यांना सांगितले की नात रोज दुपारी तुमच्याच ताटातून जेवते.

काचपट्टी

एक राहिले. दुसऱ्या मात्रेनंतर महिन्याभराने मुलीला पुन्हा खाज सुटली, तर तिसरी मात्रा लगेच देऊ नका. आधी घरातल्या प्रत्येकाच्या तीन सकाळच्या पट्ट्या तपासून घ्या. अशा घरांत बहुतेक वेळा साठा दुसऱ्याच कोणाकडे सापडतो.