मदत हवी आहे: धरणाच्या पाण्यासाठी नवी ‘मिनी यॉट’ घ्यायची आहे, डिझाईन आणि किंमत कशी पारखावी?

वैनगंगाकाठ:

नमस्कार मंडळी. आमचं गाव कुही तालुक्यात, गोसीखुर्दच्या फुगवट्याच्या काठावर. गावात मासेमारी सहकारी संस्था आहे, सभासद बहुतेक ढिवर समाजाचे, आणि संस्थेचं लिखापढीचं काम माझ्याकडे. आंभोऱ्याचा नवा पूल झाल्यापासून रविवारी नागपूरच्या गाड्यांची रांग लागते. लोक पुलावर फोटो काढतात, चैतन्येश्वराचं दर्शन घेतात, मासळी खातात आणि मग विचारतात, “बोट मिळते का हो?” म्हणून संस्थेनं स्वतःची पर्यटक बोट घ्यावी असं सभेत ठरलं. पैसा सभासदांच्या भागभांडवलाचा आणि थोडा कर्जाचा. तो गेला तर परत येणार नाही.

कोकणपट्टीतल्या एका बोट बांधणाऱ्याचं कोटेशन आलंय. कागदावर नाव ‘लक्झरी मोटर यॉट’. लांबी ३२ फूट, रुंदी साडेनऊ, एफआरपीचं (काचेचे धागे आणि रेझिन म्हणजे घट्ट होणारी राळ यांचं) बांधकाम, खाली एसी केबिन, मागे पांढरे सोफे, छतावर आठ जणांची बैठक, एकूण २४ प्रवासी, ११५ हॉर्सपॉवरची दोन पेट्रोल आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगायची) इंजिनं. रंग गडद निळा. किंमत ४८ लाख, वर ४० टक्के जीएसटी, म्हणजे ६७ लाख २० हजार. वाहतूक वेगळी. निम्मे पैसे आगाऊ मागतोय.

पीडीएफ देखणी आहे. तिच्यात नारळाची झाडं आहेत, सोफे आहेत, निळे दिवे आहेत. बोटीच्या बुडाचा एकही फोटो नाही.

आमच्या पाण्याबद्दल सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल. धरण २४५.५० मीटरच्या पूर्ण पातळीला असलं की पलीकडचा काठ धूसर होतो. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या शिवारातले बाभळीचे, मोहाचे खुंट आणि जुन्या विहिरींचे काठ पाण्याखाली हातभरावर येतात. आमच्या माणसांना ते पाठ आहेत, इंजिनाच्या पात्याला नाहीत. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे इकडेच येतं, त्यामुळे जलपर्णीचे गालिचे तरंगत असतात. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वादळ सुटलं तर पाच-दहा मिनिटांत पाणी उसळतं. आणि सगळीकडे आमचीच जाळी लागलेली असतात.

त्यांच्या शेडमध्ये जाऊनही आलो. नवी बोट साच्यातच होती, काही कळलं नाही. पण त्यांनीच पूर्वी बांधलेली एक दुरुस्तीला आलेली होती. इंजिन ज्या मागच्या फळीला टांगतात तिच्यातला एक बोल्ट काढलेला होता. त्या भोकातून चहासारखं पाणी ओघळून पांढऱ्या रंगावर लांब डाग पडला होता. विचारलं तर म्हणे, “धुतल्याचं पाणी आहे.” बोट कोरडी ठणठणीत होती.

तर विचारायचं असं की, हे डिझाईन आमच्यासारख्या पाण्याला चालेल का? छतावर माणसं बसवणं कितपत बरोबर? आणि ४८ लाख खरंच होतात का, हे बाहेरच्या माणसानं कसं तपासायचं? २०२४ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची मुलं बुडाली. त्याच महिन्यात गडचिरोलीत गणपूरजवळ, आमच्याच वैनगंगेत, मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली. “२४ काय, ३० पण बसतील” हे विक्रेत्याचं तोंडी उत्तर तेव्हापासून आमच्या घशाखाली उतरत नाही.

फिरस्ता_नागपूर:

एसी यॉट! तिकीट किती ठेवणार भाऊ? आम्ही येतो, पण जॅकेट धुतलेली ठेवा.

मोल्डवाला:

रायगडचा आहे, एफआरपीचं काम करतो. मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

बोट बुडापासून बघायची, सोफ्यापासून नाही. वेगानं पाण्यावर चढून पळणाऱ्या बोटीचं बूड खोल ‘व्ही’ आकाराचं असतं, २० अंशांच्या वर. समुद्राच्या लाटेत ते छान चालतं, पण उभी असताना अशी बोट डुलते, आणि तुमच्याकडे चढ-उतार करणार साड्या नेसलेल्या बाया आणि म्हातारी माणसं. तुम्हाला कमी कोनाचं, रुंद बूड हवं, किंवा दोन बुडांची कॅटामरान. ती कमी पाण्यात चालते आणि सहसा कलत नाही. फक्त दोन बुडांच्या मधे जलपर्णी अडकते, हे लक्षात ठेवा.

वेगाचं गणित साधं आहे. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीवर अडतो. पाण्यालगतची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. तुमच्या बोटीची ती लांबी २९ फूट धरली तर साधारण ७.२ नॉट, म्हणजे ताशी १३ किलोमीटर. पुलाला वळसा घालून यायला एवढा पुरे. त्याच्या वर जायचं तर बोट पाण्यावर चढवावी लागते, आणि २३० हॉर्सपॉवर त्यासाठीच लावलेत. पूर्ण ताकदीवर ११५ चं एक पेट्रोल इंजिन तासाला ४० लिटरच्या आसपास पितं, दोन मिळून ८०. अर्ध्या तासाच्या फेरीला ४० लिटर, लिटरला १०५ धरा, ४,२०० रुपये. २४ जणांचं २०० रुपयांनी तिकीट ४,८०० होतं. चालवणाऱ्याला काय देणार? शिवाय त्या वेगाची लाट तुमच्याच जाळ्यांवर आणि डोंग्यांवर आपटणार.

छतावरचे आठ जण म्हणजे साडेपाचशे किलो, तेही उंचावर. पूल आला की सगळे फोटोला एकाच कडेला धावतात. बोट उलटते ती अशाच वेळी, भर पाण्यात आणि शांत हवेत. वादळात तो डेक शिडासारखा वारा धरतो, ते आणखी वेगळं. माझं मत विचाराल तर डेक काढूनच टाका, वर नुसतं हलकं छप्पर ठेवा. तरीही ठेवायचाच असेल तर स्टॅबिलिटीचं गणित लेखी मागा: रिकामं वजन किती, पूर्ण भरल्यावर काठ पाण्यापासून किती वर राहतो, सगळे एका बाजूला गेले तर किती अंश कलते. बांधून झाल्यावर वजनं ठेवून कलण्याची चाचणी तुमच्यासमोर व्हायला हवी. “३० पण बसतील” म्हणणाऱ्याकडे हे कागद असतील असं वाटत नाही.

आता ते चहाच्या रंगाचं पाणी. मागच्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. बोल्टचं भोक नीट सीलबंद केलं नाही की पाणी आत मुरतं आणि प्लाय कुजतं. गळतोय तो कुजलेल्या लाकडाचा रस आहे. इंजिनाचं सगळं वजन आणि धक्का तीच फळी पेलते. तुमच्या बोटीत मरीन प्लाय आहे, साधं आहे की लाकडाशिवाय काम आहे, हे करारात लिहून घ्या. बुडाला रेझिन ‘आयसो’ (पाण्याला जास्त टिकणारं) आहे की साधं, मॅट आणि वोव्हन रोव्हिंगचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या सुट्या आणि विणलेल्या कापडाचे, थर किती, हेही. तयार अंगावर नाण्यानं ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आत पोकळी किंवा ओल.

गडद निळा नकोच. मे महिन्याच्या विदर्भातल्या उन्हात गडद एफआरपी ७० अंशांच्या वर तापू शकतं. साधं रेझिन तिथे मऊ पडायला लागतं, आतल्या मॅटची नक्षी वर दिसू लागते. पांढरा घ्या.

डोंगेवाला:

भाऊ, आमी इटियाडोहच्या बाजूचे. मोल्डवाले दादा बरोबर सांगून रायले, पण एक सांगतो. कोनी म्हनन का डिझेल इंजिन आत बसवा, तेल कमी लागते. खरं हाय जी, ४० हॉर्सपॉवरचं डिझेल फुल चालवलं तरी तासाला आठ-नऊ लिटरच. पन पंखा बुडाखाली असते. खुंटाले लागला का शाफ्ट वाकला, आन् पान्याच्या नळीत जलपर्णी गेली का इंजिन तापलं. आऊटबोर्ड कसं, उचलून घेता येते. हातानं पाला काढा, चला पुढं. एकच ६० चं फोर स्ट्रोक घ्या, कमी वेगात जोर देनारं, आन् बाजूले एक लहान ठेवा अडीअडचनीले. मेकॅनिक कुठून येते ते पयले विचारा. दिवाळीच्या सिझनात इंजिन आठ दिवस बंद पडलं त मंग का करान?

जमाखर्च:

अमरावतीत करसल्लागार आहे. ४० टक्क्यांवरच डोळा गेला. ‘यॉट आणि मौजमजेच्या किंवा खेळाच्या नौका’ जीएसटीत ८९०३ या शीर्षकाखाली येतात. त्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा ४० टक्के झाला. पण प्रवासी वाहणाऱ्या फेरीबोटी आणि सहलीच्या बोटी ८९०१ खाली येतात, तिथे ५ टक्के. ४८ लाखांवर फरक १६ लाख ८० हजारांचा आहे. तुम्ही तिकीट लावून प्रवासी फिरवणार असाल आणि बोट तशीच बांधलेली, तशीच नोंदवलेली असेल, तर ८९०१ चा विचार व्हायला हवा. मात्र नुसतं नाव बदलून भागत नाही. एसी केबिन, सोफे, ‘लक्झरी यॉट’ असं कोटेशन आणि मग ५ टक्के, हे तपासणीत अंगाशी येईल. आराखडा, नोंदणी, बिल सगळं एकच बोललं पाहिजे. आगाऊ रक्कम देण्याआधी तुमच्या सीएकडून लेखी मत घ्या.

आणि किंमत एकगठ्ठा घेऊ नका. बोटीचं अंग, इंजिनं, वायरिंग, एसी-जनरेटर, फर्निचर असे आकडे वेगळे मागा. इंजिनाची किंमत कुठलाही डीलर फोनवर सांगतो, ती वजा केली की उरलेल्यात काय लपलंय ते दिसतं. व्यावसायिक वापराला वॉरंटी बहुधा कमी मुदतीची असते, तेही विचारा.

वैनगंगाकाठ:

सगळ्यांचे आभार. काल विक्रेत्याला फोन लावला. वरचा डेक काढला तर दोन लाख कमी करतो म्हणाला. बुडाचा आराखडा मागितला तर “डिझाईन आमचं आहे, देता येत नाही” म्हणाला. जीएसटीबद्दल उत्तर एकच: “आम्ही सगळ्यांना हेच बिल देतो.” स्टॅबिलिटीचं गणित म्हटल्यावर फोन दुसऱ्याकडे दिला, आणि त्या माणसानं मला एसीचं टनेज सांगितलं.

संस्थेच्या बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. एसी, सोफे आणि दुसरं इंजिन काढून, साधी छपराची, रुंद बुडाची २० जणांची बोट अशी मागणी लिहून दोन-तीन ठिकाणी पाठवायचं ठरलं. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याप्रमाणे सर्व्हे, नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याचा परवाना लागतोच, त्यासाठी सागरी मंडळाकडे चौकशी चालू आहे. जलाशयाची परवानगी पाटबंधारे खात्याकडून वेगळी. आमच्यातले दोन पोरं परवान्याचं शिकायला तयार आहेत, जन्मापासून पाण्यातच आहेत ती.

मोल्डवाला दादा, एक राहिलं. बाहेरचा सर्व्हेअर आणायचा तर त्याची फी विक्रेता देतो का आपण? आणि त्याला केव्हा बोलवायचं?

मोल्डवाला:

फी तुम्ही द्या आणि माणूसही तुम्हीच निवडा. बोट पाण्यात उतरल्यावर बोलावलंत तर तो फक्त रंग बघेल. साच्यात थर चढत असताना एकदा, मागची फळी बंद करण्याआधी एकदा, आणि शेवटी पाण्यावर चाचणीला एकदा. पैशांचे हप्तेही याच तीन टप्प्यांना बांधा. निम्मे आगाऊ अजिबात देऊ नका, मॅट-रेझिन आणायला लागतील तेवढेच द्या.