मदत हवी आहे: जुनी ट्रॅव्हलर घेऊन कॅम्पर करायचा आहे, घरची सहा माणसं (सोलापूर)

होटगीरोड
नमस्कार. जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेऊन घरच्यांसाठी कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, करायचं पक्कं केलंय. आम्ही दोघं, मुलं दोन (९ आणि १३), आई-वडील. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. फिरणं म्हणजे हंपी, बदामी, गणपतीपुळे, एका वेळी चार-पाच दिवस.
दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही ३३५० मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर). एक २०१४ ची १२+१ पॅसेंजर, टूरिस्ट परमिटवर चाललेली, पिवळी पाटी. दुसरी २०१६ ची डिलिव्हरी व्हॅन, मागं खिडक्या नाहीत, पत्रा बरा दिसतोय, किंमतही कमी सांगतात. कुठली घ्यावी? रात्रभर एसी चालेल एवढी बॅटरी आणि सोलर बसेल का? मे महिन्याचा विषय निघाला की घरचे पहिलं हेच विचारतात. बाथरूम आत करावं का? आणि आरटीओचं काय?

पासिंगवाला
मालक, शेवटचा प्रश्न आधी सोडवा, टोकन त्यानंतर द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची तर परवानगी लागते. परस्पर बदल केला तर कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खासगी वापराचा कॅम्पर हा नॉन-ट्रान्सपोर्ट (धंद्याची नसलेली गाडी) प्रकारात बसतो आणि मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे अशा कॅम्परसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. म्हणून गाडीचा आरसी आणि आतल्या मांडणीचं मापासहित साधं ड्रॉइंग घेऊन आरटीओत जा. सीट किती राहणार, खिडक्या बदलणार का, गॅस असणार का, हे सगळं त्यात दाखवा आणि काय चालेल ते लेखी घ्या. "आधी गाडी करा, कागद नंतर बघू" म्हणणाऱ्या एजंटवर जाऊ नका. काम पाडून परत करायला लागलं तर पैसे तुमचेच जातात.

पिवळ्या पाटीच्या गाडीला परमिट सरेंडर, टॅक्स क्लिअर, चलनं क्लिअर, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, मग २९ आणि ३० वर ट्रान्सफर. हे विकणाऱ्याकडून करून घ्या, त्याच्या भरवशावर सोडू नका. एम-परिवहनवर नंबर टाकून फिटनेस, विमा आणि बोजा आजच बघून घ्या. खासगी नोंदणी पहिल्या तारखेपासून १५ वर्षांची असते, पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवायची, पर्यावरण करही लागतो. २०१४ ची गाडी म्हणजे २०२९ मध्ये हा खर्च आहे, तो भावात धरा. विमा कंपनीला बदल कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करायला त्यांना कारण मिळतं.
लायसनची काळजी नको. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत एलएमव्ही (हलक्या वाहनाचं लायसन) पुरतं, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय.

उष्णतामान४४
मी डिलिव्हरी व्हॅनच्या बाजूचा. सोलापूरच्या उन्हात काच म्हणजे भट्टी. बंद पत्र्याला आतून इन्सुलेशन सलग बसतं, पॅसेंजर गाडीत दोन्ही बाजू काचाच काचा.

बॉडीलाइन
उन्हाचा मुद्दा बरोबर आहे, पण इथं सहा माणसं बसवायची आहेत. पॅसेंजर गाडीत सीटचे बोल्ट कंपनीनं दिलेल्या मजबुतीच्या जागी बसतात. व्हॅनचा फ्लोअर माल ठेवायला केलेला असतो. नुसत्या पत्र्यात भोक पाडून सीट बोल्ट केली, तर जोरात ब्रेक लागला की वॉशरसकट पत्रा फाटून सीट पुढं येते. त्यावर आजी-आजोबा आणि पोरं बसणार आहेत. चेसिसच्या आडव्या मेंबरपर्यंत पट्टी नेऊन काम करता येतं, पण ते कुणी करायचं, कुणी पास करायचं? दोघांसाठी गाडी असती तर मीही व्हॅनच म्हटली असती. सहा जणांना पॅसेंजरच घ्या, तोंड पुढं असलेल्या सहा सीट बेल्टसहित ठेवा, बाकीच्या काढा. गाडी चालू असताना आडव्या बाकावर किंवा बेडवर कुणीही नको.

आता गाडी बघायची कशी. वरचा रंग बघून ठरवू नका, रंग विकायच्या आधी मारलेला असतो. दाराच्या पायरीजवळचं मॅट उचला आणि पायरी जिथं फ्लोअरला मिळते त्या कोपऱ्यात जुना स्क्रूड्रायव्हर टोचा. चांगला पत्रा टणक वाजतो. गंजलेला दबतो, रंगाचा पापुद्रा फुगून निघतो आणि खाली तांबडी भुकटी पडते. तसंच मागच्या चाकांच्या कमानीच्या आत, छताच्या पन्हाळीच्या सांध्यात आणि पुढच्या काचेच्या रबराखाली. पायरी आणि कमान डेंटर बदलून देतो. पण चेसिसच्या लांब मेंबरवर वेल्डिंगचे तुकडे दिसले किंवा सस्पेन्शनच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चीर दिसली, तर कितीही स्वस्त मिळू दे, सोडून द्या.

इंजिन गार असताना बघायला जा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. स्टार्ट केल्यावर ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते, पण फुसफुस धूर मारत झाकण उडत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. चढावर काळा धूर म्हणजे बहुतेक इंजेक्टर किंवा हवेची कमतरता, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा न थांबणारा आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघावं लागेल. आपल्या सोलापूरला बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) मोठ्या शहरांबरोबर २०१० लाच आलं, पण शेजारच्या जिल्ह्यात पासिंग झालेली त्या काळातली गाडी बीएस-३ असू शकते. आरसीवर बघून घ्या.
टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी भरपूर असली तरी जुना टायर आपल्या रस्त्याच्या तापात फुटतो.

वजनकाटा
याच्याही आधी एक हिशेब मांडा. आरसीवर रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही असतं. समजा फरक ९०० किलो आहे. सहा माणसं ३६०. पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो. १८ मिमी प्लायचा आठ बाय चारचा एक ताव साधारण ३२ किलोचा, सुतार सहज आठ ताव लावतो, झाले २५६. फ्रीज, बॅटरी, पॅनेल, वायरिंग ७०. कपडे, भांडी, अंथरूण-पांघरूण १२०. एकूण ८८६, आणि अजून गॅस, टॉयलेट, स्टेपनीचं सामान यायचंय. काढलेल्या सीटचं वजन परत मिळतं, ते वजा करा, पण सुताराला मोकळं सोडू नका. सांगाडा अॅल्युमिनियम सेक्शनचा, त्यावर ९ किंवा १२ मिमी प्लाय. घरच्या कपाटासारखं १८ मिमी आणि वर सनमायका नकोच.
काम अर्धं झालं की एकदा आणि पूर्ण झाल्यावर पाणी-डिझेल भरून एकदा काट्यावर न्या. चिंचोळी एमआयडीसीत किंवा मार्केट यार्डाच्या बाजूला काटे आहेत. पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी तोला. एकूण वजन बसूनही मागचा अॅक्सल जास्त भरलेला असतो, कारण बेड, टाकी, सामान सगळं मागं जातं. पुढचा भाग हलका झाला की स्टिअरिंग तरंगतं. टाकी मागच्या अॅक्सलच्या पुढं, खाली, आणि आत पाणी हिंदकळू नये म्हणून आडवा पडदा असलेली.

होटगीरोड
पॅसेंजर गाडीचं पटलं. स्क्रूड्रायव्हर घेऊन उद्या परत जातो. एसीचं कुणी सांगाल का?

बाराव्होल्ट
एसी बॅटरीवर विसरा दादा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री सरासरी ६०० वॅट धरला तरी आठ तासांना जवळपास ५ युनिट. १२.८ व्होल्ट १०० एएचच्या (अँपिअर-अवर) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत असतात १.२८ युनिट. म्हणजे चार बॅटऱ्या एका रात्रीत संपल्या. ३३० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १.२ युनिट देतं, म्हणजे भरायला चार दिवस. एसी लावायचाच असेल तर लॉजच्या आवारात १६ अँपिअरच्या सॉकेटवर, अर्थिंग तपासून आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावून.

त्याऐवजी पत्रा तापूच देऊ नका. छत पांढरं, पॅनेल छतापासून ५० मिमी वर, म्हणजे खाली वारा खेळतो आणि सावली पडते. आतून गंज घासून प्रायमर, मग १९ मिमी नायट्राइल फोम. ग्लासवूल नको, ओल धरून पत्रा खातं. फोम साध्या रबर सोल्यूशननं चिकटवला तर उन्हाळ्यात सुटून लोंबतो, उष्णता सहन करणारं घ्या. बॉडीच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं फोमनं बुजवू नका. काचांना पडदा बाहेरून लावा. आतून लावला तर काच तापतेच आणि ती उष्णता आतच राहते. छतावर १४ इंचाचा व्हेंट फॅन, हवा बाहेर फेकणारा, आणि सावलीच्या बाजूची खिडकी थोडी उघडी. व्हेंटभोवती पीयू सीलंट. पांढरं सिलिकॉन एका उन्हाळ्यात रंगासकट सुटतं आणि जूनमध्ये गळायला लागतं.

रोजचा विजेचा खर्च असा: ४० लिटरचा १२ व्होल्ट कॉम्प्रेसर फ्रीज ४५ वॅटचा, उन्हाळ्यात ६० टक्के वेळ चालला तर ६५० वॅट-तास. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) फॅन प्रत्येकी २० वॅटचे, आठ तास, ३२०. दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप १२०. झाले १,०९०. रोज गाडी चालणार असेल तर १०० एएच आणि २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडी चालताना अल्टरनेटरवरून बॅटरी मापात भरणारा) पुरतो, एका जागी दोन दिवस थांबणार असाल तर २०० एएच. लिथियम थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती करंट ओढतच राहते आणि जुना अल्टरनेटर तापून जळतो. बॅटरी आत सीटखाली, हवेशीर. बाहेरच्या डब्यात ती तापली की बीएमएस (बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट) चार्जिंग बंद करतो.
वायरमन घरच्या सवयीनं २.५ चौरस मिमी ओढेल. फ्रीज सहा मीटरवर असेल आणि त्याच लाइनवर १० अँपिअर जात असेल तर जाऊन-येऊन ०.८ व्होल्ट पडतात, फ्रीज लो व्होल्टेजवर बंद पडतो आणि दोष फ्रीजला जातो. तिथं ६ चौरस मिमी टाका. बॅटरीच्या प्लसपासून २० सेंटीमीटरच्या आत मेन फ्यूज, आणि वायर पत्र्यातून जाते तिथं रबर ग्रोमेट. जुन्या गाडीत आग लागते ती बहुतेक अशाच घासलेल्या वायरीनं.

बॉडीलाइन
बाथरूम बांधू नका. जागा खातं, वजन वाढतं, ओल धरतं. २० लिटरचं कॅसेट टॉयलेट सीटखाली बसतं, रात्रीपुरतं आणि आईंसाठी ठेवा. रिकामं करायचं ते संडासातच, नाल्यात किंवा शेतात नाही. आईंसाठी दाराखाली २० सेंटीमीटरची जादा पायरी आणि दोन्ही बाजूंना पकडायला दांडा. त्यांचा बेड खालचा, लांबीच्या दिशेनं. आडवा करणार असाल तर आधी टेप लावा, फोम आणि पॅनेल मिळून दोन्ही बाजूंनी २५-३० मिमी जातात. खरं सांगायचं तर या गाडीत चौघं नीट झोपतात. दोघांना तंबू किंवा खोली धरा. आपत्कालीन दारासमोर बेड किंवा कपाट येऊ देऊ नका.

होटगीरोड
समजलं. स्वयंपाकाला गॅस आत ठेवावा का?

पासिंगवाला
घरचा १४.२ किलोचा सिलिंडर नकोच. ५ किलोचा, उभा, पट्ट्यानं बांधलेला, आणि ज्या कप्प्यात ठेवाल त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून डिटेक्टरही फ्लोअरपासून १५-३० सेंटीमीटरवर, छताला नाही. गाडी चालू करायच्या आधी रेग्युलेटर बंद. शेगडी दाराबाहेर घडीच्या टेबलावर मांडली तर उत्तम. आत पेटवणार असाल तर व्हेंट आणि खिडकी उघडीच हवी.
गणपतीपुळ्याला कोल्हापूरवरून आंबा घाटानं उतरणार असाल तर त्याआधी ब्रेक लाइनर बघून घ्या आणि ब्रेक ऑइल नवीन भरा. जुनं ऑइल पाणी ओढतं, घाटात तापून त्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा.