वजन ठीक आहे, क्रम उलटा लागलाय

एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस५ मध्ये, म्हणजे त्यातल्या मजकूर शोधायच्या सोयीत, शीर्षकाला १० पट वजन देऊनही नेमके जुळणारे निकाल तळाशी का जातात, असं एकानं विचारलंय. आधी क्वेरीत निकालांना लावलेला उतरता क्रम (DESC) काढा. तिथे बीएम२५ चा, म्हणजे नोंद शोधाशी किती जुळते ते मोजणाऱ्या सूत्राचा, गुण ऋण येतो, म्हणून -७ वाली नोंद -२ वालीच्या वर हवी. साधा चढता क्रम पुरतो. वजनं डावीकडच्या पहिल्या स्तंभापासून मोजली जातात, इंडेक्स न केलेला (शोधात न घेतलेला) आयडीचा स्तंभही त्यात धरायचा. बहुतेकांचं इथेच चुकतं.

शोधातल्या एकाच शब्दाला जास्त वजन हवं असेल, तर ल्यूसीन या दुसऱ्या शोध-लायब्ररीमध्ये 'अभंग^4' लिहिलं की झालं. एफटीएस५ मध्ये ही सोय नाही. तिथे शब्दाआधीचं ^ म्हणजे 'स्तंभाच्या सुरुवातीलाच'. मग सी भाषेत गुण काढणारं स्वतःचं फंक्शन लिहावं लागतं, आणि ते खरंच जमण्यासारखं आहे.